उपासाचं दळण आणि जस्ताचा हिशेब

उपासाचं दळण असलं की आई डबा खाली ठेवायच्या आधीच गिरणीवाल्या काकांना विचारायची, "आत्ता काय दळलं?" गहू म्हटले की डबा घेऊन परत. आधीचं पीठ गिरणीत अडकून राहतं, ते भगरीत उतरलं तर उपास मोडतो. जीवरसायन शिकवायला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी मला उमगलं, की शरीरातले धातू मोजणाऱ्या प्रयोगशाळेत अर्धी विद्या हीच आहे.

प्रौढ माणसाच्या अंगात लोह 3 ते 4 ग्रॅम, जस्त 2 ते 3 ग्रॅम आणि तांबं 100 मिलिग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा ऐवजावर केवढा संसार चालतो! जस्ताशिवाय जखम भरत नाही, मुलांची उंची वाढत नाही. पण माणसाला जस्त कमी पडू शकतं, हे वैद्यकाला फार उशिरा कळलं. मूळचे बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद इराणमध्ये शिराझला काम करत असताना वाढ खुंटलेले तरुण रुग्ण त्यांच्यापुढे आले. या रुग्णांचं जेवण म्हणजे मुख्यतः बिनखमिराची रोटी. वाढ खुंटण्यामागे जस्ताची कमतरता असावी, ही शंका डॉ. प्रसादांनी 1961 साली मांडली. पुढे कारणही कळलं: धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य जस्ताला धरून ठेवतं, आतड्यात शोषू देत नाही.

फायटेट ज्वारीतही असतं. म्हणून मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीवर वाढलेल्या आपल्या सोलापूर जिल्ह्यात दाण्यात लोह-जस्त किती आणि त्यातलं अंगी लागतं किती, हा प्रश्न मला जवळचा वाटतो.

माझ्या एका विद्यार्थिनीनं गावाकडच्या ज्वारीचे नमुने आणले. मिक्सरमध्ये बारीक केले, बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवले. लोहाचे आकडे बघून आम्ही हरखून गेलो. दोन दिवसांनी तिथं यंत्र चालवणाऱ्या बाईंचा फोन आला. "सर, तुमच्या सॅम्पलमधलं ॲल्युमिनिअम बघितलंत का?" दाण्यात ॲल्युमिनिअम नावापुरतं असतं, मातीत मात्र ढीगभर. ते वाढलेलं दिसलं, म्हणजे खळ्यातली काळी माती दाण्याला चिकटून आलेली. त्या मातीतलं लोह आम्ही ज्वारीच्या खात्यावर जमा केलं होतं. वर मिक्सरची पाती स्टीलची, त्यांनीही आपली भर घातली असणार. पोरीचा चेहरा उतरला. पण तिनं पुन्हा सगळं केलं: दाणे शुद्ध पाण्यातून पटकन काढले, अकीकाच्या खलात कुटले, आम्लात भिजवून धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या वापरल्या. आणि प्रत्येक खेपेला एक 'ब्लँक' ठेवला, म्हणजे सगळे सोपस्कार तेच, फक्त आत ज्वारी नाही. ब्लँकमध्ये जस्त दिसलं तर ते आपल्या हातचं.

हे मोजणारं यंत्र म्हणजे आयसीपी-एमएस. आम्लात विरघळवलेला नमुना हजारो अंश तापलेल्या आर्गॉन वायूच्या ज्योतीत फवारतात. तिथं अणू विद्युतभारित होतात आणि मग त्यांची वजनानुसार निवड होते. काही धातू लाख कोटी भागांत एक भाग इतके कमी असले तरी सापडतात. पण लोहाशी एक गोम आहे. आर्गॉनचं वजन 40, ऑक्सिजनचं 16. दोघांची जोडी जमली की 56, आणि नेहमीच्या लोहाचंही वजन 56च! यंत्राला दोन्ही सारखेच. मग वाटेत हेलियम वायू सोडतात. आकारानं मोठी असलेली ही जोडी जास्त धडका खाऊन मंदावते आणि गाळली जाते, लोह पुढे जातं. पारा तर नळ्यांना इतका चिकटतो की पुढच्या नमुन्यातही उतरतो. म्हणजे पुन्हा गिरणीच.

असं यंत्र एकेका कॉलेजला परवडत नाही. किंमत मोठी, आर्गॉन दर मिनिटाला 15 लिटरच्या आसपास जळतो म्हणा ना, आणि त्या फोनवरच्या बाईंसारखं जाणतं माणूस कायम लागतं. म्हणून सामाईक केंद्रं. पवईच्या आयआयटीत 'सैफ' नावाचं असं केंद्र आहे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही आहे. देशात कुठं कोणतं यंत्र आहे हे सांगणारं 'आय-स्टेम' हे सरकारी पोर्टल जानेवारी 2020 मध्ये सुरू झालं. लंडनच्या किंग्ज कॉलेजात तर फक्त जीवशास्त्रातल्या धातूंसाठीच असं केंद्र आहे. इंदूरला 'इंडस-2' हे 172 मीटर घेराचं वर्तुळाकार यंत्र आहे. त्यातल्या बारीक क्ष-किरणांनी दाण्याच्या कापात कुठला धातू नेमका कुठं बसलाय, हेही दिसतं.

दवाखान्यात हीच काळजी माणसाच्या जिवाशी येते. विल्सनच्या आजारात यकृतात तांबं साठतं, पण रक्तात मात्र ते बहुधा कमीच दिसतं. म्हणून 24 तासांची लघवी तपासतात. बाटली धातूमुक्त नसेल, तर निदान चुकू शकतं. आणि गंमत अशी, की या आजारात जस्त औषध म्हणून देतात, कारण ते आतड्यात तांब्याची वाट अडवतं.

सोलापुरात डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, विद्यापीठ आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. कोट्यवधींच्या यंत्राची मागणी नंतर करू. मला आधी हवी आहे ती या सगळ्यांत मिळून एक खोली: धूळ येऊ न देणारी, अकीकाचा खल, आम्लात भिजत ठेवलेल्या बाटल्या आणि ब्लँकची वही असलेली. तिथं तयार झालेले नमुने रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला सहज जातील.