अंदाधुंद खेळातून निघालेली चाल

‘संगणक सगळ्या चाली आधीच मोजून ठेवतो, मग जिंकणारच!’ गो या खेळाचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं. ते साफ चूक आहे, आणि त्या चुकीमुळे विज्ञानातली एक सुंदर कल्पना झाकली जाते.

गोचा पट 19 उभ्या आणि 19 आडव्या रेघांचा. त्यांच्या 361 छेदबिंदूंवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या ठेवत जायचं. जास्त जागा वेढेल तो जिंकला. नियमांत बसणाऱ्या मांडण्या मात्र 2 वर 170 शून्यं इतक्या! दृश्य विश्वातल्या अणूंसाठी 1 वर 80 शून्यंही पुरतात. तेव्हा सगळं मोजून ठेवणं विसरा.

1997 मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकानं बुद्धिबळात विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवलं. बुद्धिबळात वजीर 9 गुणांचा, हत्ती 5 चा, अशी ढोबळ बेरीज करून कोण वरचढ आहे ते सांगता येतं. गोमध्ये सगळ्या सोंगट्या सारख्याच. कोपऱ्यातला सोंगट्यांचा समूह जगणार की वेढला जाऊन मरणार, हे कधी कधी शंभर चालींनंतर ठरतं. मग डावाच्या मध्यावर गुण द्यायचे कसे?

2006 मध्ये फ्रान्सच्या रेमी कुलोम यांच्या ‘क्रेझी स्टोन’ या प्रोग्रॅमनं यावर विलक्षण वाट दाखवली. गुण देऊच नका. समोरच्या मांडणीपासून डाव शेवटपर्यंत अंदाधुंद खेळा. पुन्हा खेळा. हजारो वेळा खेळा आणि काळा किती वेळा जिंकला ते मोजा. एकेक डाव बाष्कळ असतो, पण हजारोंच्या सरासरीत मांडणीचा कल दिसू लागतो.

आता खरी गंमत. हे डाव कोणत्या चालीवर खर्च करायचे? नेट्समधल्या गोलंदाजांचा विचार करा. एकानं भरपूर षटकं टाकून स्वतःला सिद्ध केलंय. दुसऱ्यानं दोनच षटकं टाकली आणि मार खाल्ला. त्याला लगेच घरी पाठवायचं का? त्याच वर्षी हंगेरीच्या कोचिश आणि सेपेश्वारी यांनी चालींच्या झाडासाठी (प्रत्येक चालीला तिच्या संभाव्य उत्तरांच्या फांद्या फुटतात) याचं सूत्र दिलं: चालीचा विजयदर, अधिक एकूण डावांचा लॉगॅरिदम भागिले त्या चालीचे डाव, याचं वर्गमूळ. (वर्गमूळाला एका स्थिरांकानं गुणतात, इथे तो 1 धरू.) समजा ‘क’ चाल 600 वेळा खेळून 55 टक्के जिंकली, ‘ख’ 20 वेळा खेळून 45 टक्के. नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन एकूण 620 डावांचा हिशेब केला तर ‘क’ला 0.55 + 0.10 = 0.65 मिळतात, ‘ख’ला 0.45 + 0.57 = 1.02. पुढचा डाव ‘ख’चा! ‘ख’ जितकी जास्त वेळा खेळली जाते, तितका तिचा बोनस, म्हणजे वर्गमुळाचा भाग, आपोआप आटतो. हाच न्याय उत्तराच्या चालीला, तिच्या उत्तराला, असा फांदीफांदीवर लावायचा. झाड आशादायक बाजूला खोल वाढतं.

या तंत्रावरच्या ‘मोगो’ या प्रोग्रॅमनं ऑगस्ट 2008 मध्ये पोर्टलंडला व्यावसायिक खेळाडू किम म्योंग-वान यांना हरवलं. नऊ सोंगट्यांची सवलत घेऊन आणि 800 प्रोसेसर जुंपून, पण हरवलं.

गूगल डीपमाइंडच्या ‘अल्फागो’ या प्रोग्रॅमनंही हे झाड टाकून दिलं नाही. कुठली फांदी आधी पाहायची हे त्यात माणसांच्या डावांवर शिकलेलं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रचना) सुचवायचं, आणि दुसरं नेटवर्क मांडणीतून कोण जिंकेल याचा अंदाज द्यायचं. मार्च 2016 मध्ये सोलला त्यानं गोचे दिग्गज कोरियन खेळाडू ली सेडॉल यांना 4-1 असं हरवलं. दुसऱ्या डावातल्या 37 व्या चालीनंतर ‘यंत्राला अंतर्ज्ञान झालं’ असा गाजावाजा झाला. माणूस ती चाल खेळण्याची शक्यता नेटवर्कनं दहा हजारांत एक धरली होती. झाडात खोल गेल्यावर ती सरस ठरली. यात गूढ काही नाही. ‘एआय कुंडली’ विकणाऱ्यांनी हे जरूर वाचावं: इथला अंदाज प्रत्येक नव्या डावागणिक बदलतो, म्हणूनच तो विश्वासार्ह आहे.

ली सेडॉलनी जिंकलेला चौथा डाव तर मला या सगळ्याहून प्रिय आहे. त्यांच्या 78 व्या चालीलाही नेटवर्कनं दहा हजारांत एक इतकीच शक्यता दिली होती, त्यामुळे त्या फांदीला झाडात फारशी षटकंच मिळाली नव्हती. ‘अल्फागो’ 79 व्या चालीला चुकला. आपण हरतोय हे त्याच्या आकड्यांत उमटलं ते साधारण 87 व्या चालीला.