लकव्यात बोटं टोचू नका

"लकवा आला की सुईनं दहाही बोटांची टोकं टोचा, रक्त काढा, माणूस उठून बसतो," हा मेसेज वऱ्हाडात वर्षानुवर्षं फिरतोय. तो खोटा आहे. बहुतेक लकव्यांत मेंदूच्या धमनीत गुठळी अडकते. बोटातले चार थेंब काढून ती हलत नाही. काहींची गुठळी आपोआप विरघळते आणि नाव सुईचं होतं. अशांनाही दवाखान्यात न्यायलाच हवं, कारण पुढच्या दोन दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका असतो.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून ४.५ तासांतच, तेही सीटी स्कॅननंतर देतात. मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच औषध जीवावर बेततं. म्हणून घरी रक्त पातळ करणारं अ‍ॅस्पिरिनही नको.

कापूस वेचता वेचता तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, की लगेच १०८ ला फोन करा आणि सीटी असलेल्या रुग्णालयातच न्यायला सांगा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून घ्या. झोपेतून उठताच लकवा दिसला तर रात्री झोपायला गेल्याची वेळ सांगा. पाणी, चहा, बीपीची गोळी काहीच तोंडात घालू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात उतरतं.