सामाजिक जाळे

व्यक्ती आणि त्यांना जोडणारे मैत्री, नाते, देवघेव वा ओळखीचे धागे मिळून होणारी रचना. व्यक्ती हा बिंदू व संबंध ही रेषा मानून समाजशास्त्रज्ञ तिचे मापन करतात. मोबाइलवरील समाजमाध्यमे येथे अभिप्रेत नाहीत.

या पद्धतीचे जनकत्व सामान्यतः मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांना देतात. न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या सुधारगृहातून १९३२ मध्ये दोन आठवड्यांत १४ मुली पळाल्या. कोणाला कोणाची सोबत हवी, हे विचारून मोरेनो यांनी आकृत्या काढल्या आणि पळण्याची लाट मुलींच्या स्वभावापेक्षा त्यांच्या परस्परसंबंधांतून पसरली, असे प्रतिपादन केले (१९३४). तथापि जॉन अल्मॅक यांनी १९२२ मध्येच शाळकरी मुलांना आवडते सवंगडी विचारले होते. बेथ वेलमन यांनी १९२६ मध्ये कोणते विद्यार्थी एकत्र दिसतात, याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मोरेनो यांच्या कामात त्यांच्या सहकारी हेलन जेनिंग्ज यांचा वाटाही बराच मोठा असावा. ‘सामाजिक जाळे’ ही संज्ञा मात्र मानवशास्त्रज्ञ जे. ए. बार्न्स यांनी नॉर्वेतील ब्रेम्नेस या मच्छीमार वस्तीच्या अभ्यासात (१९५४) शास्त्रीय अर्थाने रुळवली. एकच जनक ठरवण्यापेक्षा शाळा व मानवशास्त्र असे दोन उगम मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

स्थलांतराच्या अभ्यासात ‘साखळी स्थलांतर’ (आधी गेलेल्या नातलग-ओळखीच्यांच्या आधाराने पुढच्यांनी जाणे) ही कल्पना मॅक्डोनाल्ड दांपत्याने १९६४ मध्ये अमेरिकेतील इटालियनांच्या संदर्भात मांडली. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर (कामगार भरणारा मुकादम) व गाववाल्यांच्या ओळखीने पूर्वी होणारी भरती याच प्रकारची.

पौगंडावस्थेतील आरोग्याबाबत अमेरिकेतील ‘ॲड हेल्थ’ ही पाहणी (१९९४-९५ पासून) पायाभूत ठरली. सातवी ते बारावीच्या सुमारे ९०,००० विद्यार्थ्यांकडून प्रत्येकी पाच मित्र व पाच मैत्रिणींपर्यंत नावे घेण्यात आली. त्यावरून पीटर बेअरमन व जेम्स मूडी यांना (२००४) असे आढळले, की एकाकी असलेल्या, किंवा जिच्या मैत्रिणींची आपसांत मैत्री नाही अशा मुलीच्या मनात आत्महत्येचे विचार येण्याची शक्यता अधिक असते. याच पाहणीच्या आधारे कॅथलीन हॅरिस यांनी परदेशात जन्मलेल्या मुलांचे आरोग्य, स्थलांतरितांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या तुलनेत, अनेक बाबतींत चांगले असल्याचे दाखवले.

मित्रांमुळे सवय लागते की सारख्या सवयींची मुले मित्र होतात, हा वाद मिटलेला नाही. लठ्ठपणा मित्रांतून पसरतो, असा निष्कर्ष २००७ मध्ये निघाला. त्याच धर्तीचे गणित ‘ॲड हेल्थ’वर लावून कोहेन-कोल व फ्लेचर यांनी २००८ मध्ये मुरुमे, डोकेदुखी, इतकेच नव्हे तर उंचीही ‘पसरते’ असे काढून दाखवले; म्हणजे अशा गणितातून नसलेला प्रभावही दिसू शकतो.