फिले काढायची सुरी किती वाकायला हवी?

पहिल्यांदा नदीतला मोठा मासा साफ करायला घेतला तेव्हा मी माझ्याकडची सगळ्यात जाड आणि भक्कम सुरी काढली. डोक्यात हिशोब एवढाच की काम अवघड, म्हणजे हत्यार दणकट पाहिजे. कल्ल्यामागे चीर दिली, मधल्या काट्यापर्यंत खाली गेलो, पातं आडवं केलं आणि शेपटीकडे ओढत नेलं. फिले, म्हणजे सांगाड्यावरून सोडवलेला मांसाचा अख्खा तुकडा, बरा निघाला, पण सांगाडा बघितला तर त्याला बोटभर मांस तसंच चिकटलेलं. चूक हाताची होतीच, पण निम्मी तरी सुरीची होती. कारण ती वाकतच नव्हती, आणि माशाचा सांगाडा काही पट्टीसारखा सरळ नसतो, पोटाशी बरगड्या बाहेर फुगलेल्या, मणक्यापाशी खोलगट, शेपटीकडे एकदम चपट. या चढउतारांवरून पातं घसटत जायला हवं तरच मांस पूर्ण सुटतं.

मग वाकणारी सुरी म्हणजे मऊ स्टीलची सुरी का? बरेच जण असंच समजतात, मीही समजायचो. पण स्टील मऊ असो की कडक, वाकवताना ते किती ताठ लागेल हे जवळपास सारखंच असतं. त्याला यंग्स मॉड्युलस म्हणतात आणि सगळ्या स्टीलसाठी तो साधारण 200 गिगापास्कलच्या आसपास येतो, महागडं नाव असलं म्हणून त्यात फारसा फरक पडत नाही. फरक पाडते ती जाडी, आणि तीही घनाच्या हिशोबात. म्हणजे पातं 2 मिलिमीटर जाड आहे आणि दुसरं तसंच पण 1 मिलिमीटरचं, तर दुसरं दुप्पट नाही, आठपट सहज वाकतं. लांबीचंही तसंच. 15 सेंटिमीटरचं पातं आणि 22.5 सेंटिमीटरचं पातं, बाकी सगळं सारखं, टोकाला तेवढाच जोर, तर लांब पातं जवळजवळ साडेतीनपट जास्त वाकतं. म्हणून चांगल्या सुरीचं पातं मुठीकडे जाड आणि टोकाकडे निमुळतं घासलेलं असतं, मागचा भाग हाताचं ऐकतो आणि पुढचा भाग बरगडीचं.

कडकपणाचं काम वेगळं आहे. वाकलेलं पातं सोडल्यावर परत सरळ होणार की तसंच वाकडं राहणार, आणि धार किती दिवस टिकणार, हे तो ठरवतो. या सुऱ्या बहुतेक रॉकवेल सी या कडकपणाच्या मोजपट्टीवर 54 ते 58 च्या दरम्यान असतात. याहून खूप कडक घेतली तर धार टिकते खरी पण काट्यावर आपटली की बारीक टवके उडतात, आणि पाजवायलाही जीव जातो. माझं मत विचाराल तर मासे साफ करायला मधलंच स्टील बरं. दोन मिनिटं दगडावर फिरवली की परत तय्यार, हे सुख खूप मोठं आहे.

दुकानात सुरी हातात आली की मी आधी एकच बघतो. टोक लाकडावर टेकवून हळूच दाबायचं. साधारण 18 सेंटिमीटरचं पातं बेताच्या जोरात 2-3 सेंटिमीटर वाकलं आणि सोडल्यावर झटकन सरळ झालं तर ठीक. पण वाकतंय कुठून तेही बघा. कमान टोकाकडच्या अर्ध्या भागात पडायला हवी, पातं मुठीपासूनच लुळं पडत असेल तर चामडी सोलताना ते हातात राहत नाही.

आता धार. माशाचं मांस आपण समजतो तसं सलग नसतं. उकडलेला मासा बोटाने उकलला की पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो ना, ते एकेक पापुद्रे म्हणजे स्नायूचे वेगवेगळे कप्पे, आणि मध्ये कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचे पातळ पडदे. जनावरांच्या मटणाच्या मानाने माशात हे कोलॅजन कमी आणि कमकुवत. त्यामुळे बोथट सुरी कापायच्या आधी मांस ढकलते, पडदे फाटतात आणि फिलेमध्ये भेगा पडतात. धार हवीच, पण ती चालवायची कशी त्यालाही महत्त्व आहे. कागद बोटावर नुसता दाबला तर काही होत नाही, तोच कडेने सर्रकन सरकला की रक्त येतं, तोच प्रकार इथे. पातं लांबीत ओढलं की खाली दाबायचा जोर खूप कमी लागतो. म्हणूनच पातं माशाच्या रुंदीपेक्षा थोडं लांब घ्यायचं, म्हणजे करवतीसारखं पुढेमागे न करता एका लांब ओढीत काम होतं. तळहाताएवढ्या माशांना 15 सेंटिमीटर पुरतं, मध्यम माशांना 18-19, आणि मोठा कार्प (रोहू-कटल्याच्या कुळातला) किंवा पाइक (गोड्या पाण्यातला लांबट शिकारी मासा) असेल तर 23. एकच घ्यायची असेल तर डोळे झाकून मधली.

धारेचा कोन एका बाजूला 12 ते 17 अंश असतो, म्हणजे खूप नाजूक. तिने खवले खरवडायचे नाहीत, कारण आपल्या दातांवरच्या कवचात असतं त्याच जातीचं खनिज खवल्यात असतं, वर वाळूही अडकलेली असते. खवले काढायचेच असतील तर पात्याची पाठ वापरा किंवा वेगळं साधन ठेवा. चामडी काढूनच टाकणार असाल तर खवले खरवडायचीही गरज नाही, एक चीर देऊन आतल्या बाजूने मांस सोडवायचं. कॅटफिशला तर खवलेच नसतात.

गंजाचा प्रश्न गोड्या पाण्यात जरा सोपा होतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ, गोड्या पाण्यात अर्धा ग्रॅमपेक्षाही कमी. स्टेनलेसमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं, त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर अगदी पातळ थर तयार होतो, आणि मिठातला क्लोराइड नेमका तोच थर जागोजागी पोखरतो. साध्या कार्बन स्टीलवर तर असा थरच नसतो, म्हणून समुद्रकाठी ते म्हणजे रोजची कटकट, नदी-तलावाच्या माशांना मात्र चालतं, फक्त काम झालं की धुवून लगेच पुसायचं, रक्तातही मीठ असतंच.

मुठीबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात, आणि हात तिथेच कापतो. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओल्या हातावर आला की गुळगुळीत लाकडी मूठ साबणासारखी निसटते. रबरासारखी खडबडीत मूठ आणि पात्याच्या सुरुवातीला बोट अडेल असा उंचवटा, एवढं असलं की बोट धारेवर घसरत नाही. दिसायला ती मूठ काही खास नसते, असू दे. दुसऱ्या हातात न कापणारा हातमोजा घाला.

सुरी नीट लागली की आवाजावरून कळतं. पातं बरगड्यांवरून जाताना बारीक टिकटिक येते, कंगव्यावरून नख फिरवल्यासारखी. आवाज थांबला म्हणजे तुम्ही काट्यापासून वर गेलात आणि मांस मागे राहतंय. खरखर वाढली म्हणजे बरगडी कापताय.

एका ठिकाणी मात्र कितीही चांगली सुरी हात टेकते. कार्पच्या कुळातले मासे, म्हणजे रोहू, कटला वगैरे, आणि पाइकसुद्धा, यांच्या मांसात वाय आकाराचे सुटे काटे असतात. ते सांगाड्याला जोडलेले नसतात, स्नायूंच्या पडद्यांतच हाडासारखे कडक झालेले असतात, म्हणून पातं सांगाड्यावरून कितीही घसटत नेलं तरी ते फिलेमध्येच राहतात. तिलापिया आणि पर्चमध्ये ही भानगड नाही, नवशिक्याने हात बसवायला हेच मासे घ्यावेत. कार्प असेल तर बोट फिरवून काट्यांची रांग शोधायची आणि दोन्ही बाजूंनी कापून ती पट्टीच काढून टाकायची, नाहीतर चामडी न कापता मांसात 3-3 मिलिमीटरवर आडव्या चिरा द्यायच्या म्हणजे काट्यांचे बारीक तुकडे होतात. आणि या चिरांना ती वाकणारी सुरी नको, तेव्हा ताठ पात्याचीच काढा, माझी ती जुनी जाड सुरी आता याच कामाला आहे.