युरिया शेतात राहावा, विहिरीत उतरू नये: गोव्यातील शेतकरी-बागायतदारांसाठी माहितीपत्रक

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असतं साधारण २०.७ किलो. जुलैच्या झडीत तो फेकला, तर त्यातला मोठा वाटा मुळांना न लागताच ओहोळात किंवा विहिरीत जातो. गोणी आम्ही विकतो, म्हणून ती कधी आणि कशी टाकावी हे सांगणं आमचंच काम आहे.

मातीत पडलेल्या युरियाचं काही दिवसांत अमोनियम होतं. अमोनियमवर धन भार असतो आणि मातीचे कण ऋणभारित, म्हणून ते त्याला धरून ठेवतात. पुढे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. उबदार, हवा खेळत्या जमिनीत त्याला एक ते तीन आठवडे पुरतात. नायट्रेटवर मात्र ऋण भार असतो. त्याला कोणी धरत नाही, पाणी जिरलं की तेही खाली जातं. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर. जांभ्याच्या मातीची धरून ठेवायची ताकद मुळात कमी, किनाऱ्याकडच्या रेताड खेर जमिनीची त्याहून कमी. निम-लेपित (निंबोळी तेल लावलेल्या) युरियामुळे नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो, पण थांबत नाही. म्हणून आमच्या मते इथे मात्रेपेक्षा वेळ जास्त महत्त्वाची.

भात

माती परीक्षणावरून हेक्टरी १०० किलो नत्र द्यायचं ठरलं, तर युरिया सुमारे २१७ किलो लागतो. डीएपी (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) वापरत असाल तर त्यातलं १८ टक्के नत्र वजा करा: १०० किलो डीएपीमागे युरिया ३९ किलोने कमी. हे वजा करायचं बरेचजण विसरतात. अर्धा हप्ता चिखलणीच्या वेळी मातीत मिसळून, पाव फुटवे येताना आणि उरलेला पाव लोंबी पोटात तयार होऊ लागली की द्या. शेतात पाणी साचलेलं असतं तोवर अमोनियम बरंचसं टिकतं. शेत सुकून पुन्हा भरलं की मधल्या काळात तयार झालेलं नायट्रेट खाली जिरतं किंवा वायू होऊन उडतं.

वरखत देताना पाणी उतरवा, ओल ठेवा, मेरेची (बांधाची) वाट चिखलाने बुजवा, मग युरिया टाका आणि एक-दोन दिवसांनी पाणी घ्या. वरच्या कुणग्यातून (भाताच्या वाफ्यातून) खालच्यात पाणी वाहत असताना टाकलेलं खत पाण्याबरोबर निघून जातं. पुढच्या २४ तासांत जोराचा पाऊस सांगितला असेल तर थांबा. भात दोन-तीन दिवस उशिराचं खत सहज सोसतं.

हप्ता खरंच हवा का, हे पानांच्या रंगाच्या तक्त्याने (फिक्या ते गडद हिरव्या रंगाच्या, नंबर घातलेल्या पट्ट्या) कळतं. वेगवेगळ्या चुडांची (एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यांची) पूर्ण उघडलेली, सर्वांत वरची दहा पानं घ्या आणि आपल्या सावलीत तक्त्याशी ताडून पाहा. सहा किंवा जास्त पानं ४ नंबरपेक्षा फिकी असतील तरच खत द्या. एका ओळीत चूड लावत असाल तर युरिया-डीएपी ब्रिकेट उत्तम: २.७ ग्रॅमची एक गोळी, चार चुडांच्या मध्ये, ७ ते १० सेंटीमीटर खोल. हेक्टरी सुमारे १७० किलो लागतात. मजुरी वाढते हे खरं, पण खत वाहून जाणं एवढं कमी करणारा दुसरा उपाय भातात आम्हाला माहीत नाही.

खाजन शेतीत (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या खारट जमिनीत) पहिल्या पावसाने मीठ धुऊन मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) पाणी बाहेर सोडेपर्यंत काहीही टाकू नका. जे टाकाल ते नदीत जाईल.

माड आणि पोफळी

मोठ्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे १.१ किलो युरिया. पाण्याची सोय नसेल तर एक तृतीयांश पावसाच्या सुरुवातीला आणि दोन तृतीयांश सप्टेंबर-ऑक्टोबरात. पाणी देत असाल तर चार समान हप्ते. बुंध्यापासून १.८ मीटरच्या आळ्यात पसरून मातीत मिसळा. पोफळीला १०० ग्रॅम नत्र, म्हणजे जेमतेम २१७ ग्रॅम युरिया पुरतो. कुळागरात (पोफळीच्या बागेत) मूठमूठ जास्त पडतो तो सगळा उताराने खालच्या ओहोळाकडे निघतो.

नायट्रेट खाली जाताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही सोबत नेतं, मागे आम्लता उरते. माडाची जुनी, खालची झावळं पिवळी पडली, पण पातीचा मधला शिरेलगतचा भाग हिरवा राहिला, तर ती बहुधा मॅग्नेशियमची उणीव असते. त्यावर आणखी युरिया टाकला तर दुखणं वाढतं. मॅग्नेशियम सल्फेट माडाला वर्षाला ५०० ग्रॅम द्या. आम्लता कमी करायला चुना किंवा डोलोमाइट द्यायचा असेल तर युरियापासून दोन-तीन आठवडे लांब ठेवा; एकत्र पडले की नत्र अमोनिया होऊन उडतं.

वायंगणातली (पावसाळ्यानंतरच्या हंगामातली) भाजी

मिरची, भेंडी, दोडकी यांची बहुतेक मुळं वरच्या फूटभर मातीत असतात. ठिबकातून खत पाणी देण्याच्या मधल्या भागात सोडा आणि शेवटी १०-१५ मिनिटं नुसतं पाणी. त्याहून जास्त वेळ चालवलं तर नायट्रेट मुळांखाली गेलंच. भात कापल्यावर अळसांदे (चवळी) घ्या. ते स्वतःचं बरंचसं नत्र हवेतून मिळवतात आणि जमीन उघडी राहत नाही.

शेणखत आणि कोंबडीखतही झिरपतं. मे महिन्यात ढीग उघडा ठेवला तर पहिल्याच सरीत त्याचा अर्क निघून जातो. ढीग विहिरीपासून लांब, तिच्यापेक्षा खालच्या बाजूला करा आणि ताडपत्रीने किंवा झावळांनी झाका.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर विहिरीचं पाणी पावसाळ्यानंतर तपासून घ्याच. जास्त नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. आकडा जास्त आला तर शेताबरोबरच शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे, तेही पाहा.