व्यापाऱ्यांच्या पैशावर उभे राहिलेले पोलीस

केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा बंदोबस्त खाजगी कंपन्यांना शुल्क भरून घेता यावा, यासाठी २००९ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि कायदा राखणाऱ्या यंत्रणेचा खर्च उद्योगाने उचलला तर ती राबते कोणासाठी, हा प्रश्न आपल्याकडे नव्याने पुढे आला. प्रश्न मात्र जुना आहे. त्याचे एक ठळक मूळ लंडनमध्ये, थेम्स नदीच्या काठी सापडते.

वेस्ट इंडीजमध्ये गुलामांच्या श्रमावर पिकलेली साखर, रम आणि कॉफी अठराव्या शतकाच्या अखेरीस जहाजे भरभरून थेम्समध्ये येत असे, आणि उतरवताना त्यातील बराच माल वाटेतच नाहीसा होतो, अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती. व्यापारातून दंडाधिकारी पदावर आलेले पॅट्रिक कोलक्हून यांनी जॉन हॅरियट यांच्या साथीने २ जुलै १७९८ रोजी लंडनमधील वॉपिंग येथे नदी पोलिसांचे कार्यालय सुरू केले. खर्चाचा मोठा वाटा वेस्ट इंडीजच्या व्यापाऱ्यांनी उचलला. नदीवर काम करणाऱ्या ३३,००० लोकांपैकी ११,००० चोर असावेत, असा कोलक्हून यांचा अंदाज होता.

हा आकडा जपूनच वाचायला हवा, कारण चोरी कशाला म्हणायचे हेच तेव्हा ठरत होते. जहाजाच्या तळाशी सांडलेली साखर झाडून घरी नेणे हा माल उतरवणाऱ्या हमालांना आपला रूढ हक्क वाटे. अपुऱ्या मजुरीची भरपाई अशा सांडलवंडीतून होई. नव्या व्यवस्थेत हमालांची नोंदणी झाली, काम सोडताना झडती सुरू झाली, त्यांची मजुरीही पोलीस कार्यालयामार्फतच दिली जाऊ लागली, आणि कालपर्यंतचा हक्क आज गुन्हा ठरला. १६ ऑक्टोबर १७९८ रोजी, कोळसा चोरल्याबद्दल झालेल्या शिक्षेमुळे संतापलेल्या जमावाने वॉपिंगच्या कार्यालयावर हल्ला केला, आणि त्यावेळी झालेल्या गोळीबारात दोन्ही बाजूंनी माणसे दगावली. व्यापाऱ्यांचा माल वाचला, हे खरे. पण तो वाचवताना एका कष्टकरी वर्गाचे जगण्याचे गणित बदलले गेले, हेही तितकेच खरे आहे, आणि माझ्या मते त्या प्रयोगाचा हाच अधिक दूरगामी परिणाम होता. १८०० साली संसदेने कायदा करून हे दल सरकारी केले. लंडनचे महानगर पोलीस १८२९ साली, म्हणजे त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी स्थापन झाले.

महाराष्ट्रात उद्योगाचा पैसा आणि सुरक्षा यांच्या या नात्याला वेगळे वळण लागले, आणि त्याची सुरुवातही ओझी वाहणाऱ्यांपासूनच झाली, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे उभारली, मजुरी आणि त्यावरील लेव्ही (कामगारांच्या लाभांसाठीची जादा रक्कम) मालकाने मंडळाकडे भरायची, अशी पद्धत घातली. त्याच धर्तीवर १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा झाला. एजन्सीच्या मर्जीवर जगणारा, कारखान्याच्या फाटकावर बारा-बारा तास उभा राहणारा रक्षक मंडळाकडे नोंदला गेला, की त्याला भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि भरपगारी रजा यांवर हक्क सांगता येऊ लागला. पुढे २०१० च्या कायद्याने महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ स्थापन झाले, आणि आस्थापनांना शुल्क भरून सरकारी महामंडळाचे रक्षक घेण्याची सोय झाली. त्या शुल्कातला किती वाटा फाटकावरच्या माणसाच्या हाती पडतो, हे मात्र प्रत्येक करारागणिक तपासावे लागते.