एका पत्त्याचे दोन दावेदार

संगणकाच्या पडद्यावर आयपी पत्त्याचा संघर्ष झाल्याची, म्हणजे नेटवर्कवर उपकरणाची ओळख असलेला एकच क्रमांक दोन उपकरणे वापरत असल्याची, सूचना उमटली, की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप समूहांवर दोन निष्कर्ष ठरलेले असतात. एक म्हणजे कोणीतरी आपले वायफाय चोरत आहे, आणि दुसरा म्हणजे शेजारच्या फ्लॅटमधल्या कोणाला तरी आपलाच पत्ता मिळाला आहे. पहिला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि दुसरा तर मुळातच गैरसमजावर उभा आहे. आयपी पत्ता जगात एकमेव असतो, हे शाळेत ऐकलेले वाक्य घरातल्या उपकरणांना लागू पडत नाही.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असतो, त्यामुळे एकूण शक्य पत्ते ४,२९,४९,६७,२९६ एवढेच होतात. हे पत्ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकातच स्पष्ट झाले होते, आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट वाटून संपलेही. त्यावरचा एक उपाय म्हणून काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले. ते कोणते, हे आज वापरात असलेल्या स्वरूपात फेब्रुवारी १९९६ मध्ये ठरले. १९२.१६८ ने सुरू होणारे आपले ओळखीचे पत्ते त्यांतलेच. प्रत्येक इमारतीत ३०२ क्रमांकाचा फ्लॅट असतो आणि त्याने कोणाचेच बिघडत नाही, तसेच हे आहे. घोटाळा होतो तो एकाच इमारतीत दोन दारांवर ३०२ लिहिले गेले तर. म्हणून दोषी शोधायचा तो आपल्याच राऊटरमागच्या उपकरणांत. शेजाऱ्यांकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही.

फोर्टमधल्या एका लहानशा लेखापाल कार्यालयात पाहिलेले उदाहरण घेतो. प्रिंटरला फार पूर्वी कोणीतरी १९२.१६८.१.२० हा पत्ता हाताने कायमचा देऊन ठेवला होता. पुढे दाराजवळ अंगठ्याचा ठसा घेणारे हजेरी यंत्र बसले आणि ते बसवणाऱ्या तंत्रज्ञाने, प्रिंटर त्या वेळी बंद असल्यामुळे, तोच पत्ता रिकामा समजून यंत्राला दिला. त्यानंतर विवरणपत्रे छापताना दोन पाने नीट येत, तिसरे अर्ध्यावर थांबे, थोड्या वेळाने पुन्हा सगळे सुरळीत होई. दोन वेळा टोनर बदलून झाला, केबलही बदलून झाली. पूर्ण बंद पडलेले यंत्र दुरुस्त करणे सोपे असते; अधूनमधून चालणारे यंत्र माणसाला भलत्याच दिशेला नेते.

हे ‘अधूनमधून’ कुठून येते, हा या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. आयपी पत्ता ही सॉफ्टवेअरने दिलेली ओळख आहे. केबलवरून किंवा वायफायवरून प्रत्यक्ष माहिती जाते ती नेटवर्क कार्डाला कारखान्यातच मिळालेल्या ४८ बिटांच्या मॅक पत्त्यावर. म्हणजे संगणकाला १९२.१६८.१.२० कडे काही पाठवायचे असेल, तर त्या आयपी पत्त्यामागचा मॅक पत्ता कोणता हे आधी शोधावे लागते. हे काम करणारा एआरपी हा नियमसंच डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये मांडला आणि तो आजही आपल्या प्रत्येक घरात चालू आहे. संगणक सर्वांना ऐकू जाईल असा एक प्रश्न नेटवर्कवर सोडतो, की हा आयपी पत्ता कोणाचा आहे. ज्याचा असेल तो उत्तरात स्वतःचा मॅक पत्ता कळवतो आणि संगणक ती जोडी काही काळ आपल्या तक्त्यात लिहून ठेवतो.

या व्यवस्थेत उत्तर खरे आहे की नाही हे तपासण्याची कोणतीही सोय नाही. दोघांनी उत्तर दिले, तर सामान्यतः नंतर आलेले उत्तर आधीच्या नोंदीवर लिहिले जाते. त्याहून गंमत अशी, की तक्ता बदलण्यासाठी उत्तराचीही गरज नसते. प्रश्न विचारणारे उपकरण आपल्या प्रश्नातच स्वतःचा आयपी आणि मॅक पत्ता नमूद करते, आणि प्लमर यांच्या मूळ नियमानुसार, ज्याच्या तक्त्यात त्या आयपी पत्त्याची नोंद आधीपासून आहे त्याने ती या नव्या जोडीप्रमाणे दुरुस्त करून घ्यायची असते, मग तो प्रश्न त्याला उद्देशून असो वा नसो. म्हणजे हजेरी यंत्राने केवळ राऊटरचा ठावठिकाणा विचारला, तरी कार्यालयातल्या संगणकांच्या तक्त्यांत प्रिंटरच्या जागी हजेरी यंत्राचा मॅक पत्ता येऊन बसू शकतो. ऑपरेटिंग सिस्टीमनुसार तपशील थोडे बदलतात, परंतु तक्त्यातली ही अदलाबदल सगळीकडे दिसते.

आता अर्धवट छापलेल्या पानाचे कोडे सुटते. संगणक आणि प्रिंटर यांच्यात टीसीपी, म्हणजे माहिती क्रमाने आणि पोच घेत पोहोचवणाऱ्या नियमांची, जोडणी चालू आहे, प्रत्येक पॅकेटला, म्हणजे माहितीच्या तुकड्याला, क्रमांक आहे, पोच मिळते आहे. मधेच तक्ता बदलतो आणि पुढचे पॅकेट हजेरी यंत्राकडे जाते. पॅकेटवर त्याचाच आयपी पत्ता असल्यामुळे ते यंत्र ते स्वीकारते, पण अशी कोणतीही जोडणी त्याच्याकडे नोंदलेली नसते. अशा वेळी काय करायचे हे टीसीपीच्या नियमांत स्पष्ट आहे: जोडणी तोडण्याचा संदेश पाठवायचा. या संदेशात टाकायचा क्रमांक हजेरी यंत्र आलेल्या पॅकेटमधल्या पोचीच्या क्रमांकावरूनच उचलते, त्यामुळे तो संगणकाच्या अपेक्षेशी तंतोतंत जुळतो आणि संदेश प्रिंटरनेच पाठवला असे संगणकाला वाटते. जोडणी तुटते. प्रिंटर मात्र उरलेल्या मजकुराची वाट पाहत बसतो. इथे कोणीही नियम मोडलेला नाही. तिन्ही उपकरणे आपापल्या परीने अगदी शिस्तीत वागली आहेत.

हे टाळण्यासाठी जुलै २००८ मध्ये पत्ता घेण्यापूर्वी चौकशी करण्याची पद्धत नीट लिहून काढण्यात आली. नवा पत्ता वापरण्याआधी उपकरणाने एक ते दोन सेकंदांच्या अंतराने तीन वेळा विचारावे, की हा पत्ता कोणी वापरत आहे का. शेवटच्या प्रश्नानंतर दोन सेकंद थांबावे, आणि कोणी हरकत घेतली नाही तरच पत्ता आपला म्हणून जाहीर करावा. या प्रश्नात विचारणाऱ्याचा आयपी पत्ता ०.०.०.० असा लिहितात, आणि हे फार विचारपूर्वक ठरवले आहे, कारण खरा पत्ता लिहिला असता तर नुसत्या चौकशीनेच इतरांचे तक्ते बिघडले असते. पडद्यावरची ती सूचना या चौकशीतूनच येते. परंतु चौकशीच्या वेळी बंद किंवा झोपलेले उपकरण हरकत घेऊ शकत नाही, आणि स्वस्तातली अनेक उपकरणे चौकशी करण्याच्या भानगडीत पडतच नाहीत.

आता राऊटर बंद करून पुन्हा चालू करण्याच्या सार्वत्रिक तोडग्याविषयी. त्याने गुण येतो असे वाटते, कारण उपकरणे पत्ते नव्याने मागतात आणि तक्ते पुन्हा भरतात. पण हाताने दिलेला पत्ता जिथल्या तिथेच राहतो. उलट, काही घरगुती राऊटर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सेवेच्या नोंदी तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात, त्या वीज जाताच पुसल्या जातात, आणि मग ठरावीक मुदतीसाठी मिळालेला पत्ता अजून वापरत असलेल्या लॅपटॉपचाच पत्ता नव्या फोनला दिला जाण्याची शक्यता निर्माण होते. कशामुळे बरे वाटले हे न पाहता केलेला उपाय तंत्रज्ञानातही गंड्यादोऱ्याच्याच वर्गात मोडतो. या त्रासावर उतारा म्हणून महागडा ‘गेमिंग’ राऊटर किंवा अँटिव्हायरस गळ्यात मारणाऱ्यांविषयी तर वेगळे लिहायलाच नको.

दोषी शोधण्याची खात्रीची रीत सोपी आहे. संशयित पत्त्याचे एक उपकरण नेटवर्कपासून तोडावे आणि दुसऱ्या संगणकावरून त्या पत्त्याला पिंग करावे, म्हणजे उत्तर मागणारा छोटा संदेश पाठवावा. उत्तर येत असेल, तर ते दुसऱ्या दावेदाराचे आहे. त्यानंतर कमांडच्या खिडकीत एआरपीचा तक्ता पाहिला की त्याचा मॅक पत्ता मिळतो, आणि त्याच्या सहा जोड्यांपैकी पहिल्या तीन जोड्या साधारणपणे निर्मात्याच्या असल्यामुळे प्रिंटर, कॅमेरा की आणखी काही याचा अंदाज बांधता येतो. अलीकडचे फोन मात्र स्वतः तयार केलेला यादृच्छिक मॅक पत्ता वापरतात, तिथे हा अंदाज चालत नाही.

कायमच्या उपायाचे तत्त्व एकच: पत्ते वाटणारा एकच असावा. राऊटरच्या डीएचसीपी विभागात वाटपासाठी १०० ते १९९ असा पट्टा ठरवावा आणि हाताने द्यायचे पत्ते त्याच्या बाहेर, समजा २ ते ५० या पट्ट्यात, ठेवावेत. त्याहून चांगला मार्ग म्हणजे उपकरणावर हाताने काहीच न लिहिता राऊटरमध्येच त्याच्या मॅक पत्त्यासाठी आयपी पत्ता राखून ठेवणे. फोर्टच्या कार्यालयात शेवटी हेच केले. लॅपटॉप किंवा फोन असेल, तर त्याला मिळालेला पत्ता सोडून नवा मागायला लावले की बहुधा पुरते.

घरांत मात्र वेगळाच प्रकार जास्त आढळतो. आतल्या खोलीत वायफाय पोहोचत नाही म्हणून लॅमिंग्टन रोडवरून दुसरा राऊटर आणला जातो आणि इंटरनेट कंपनीच्या राऊटरची तार त्याच्या लॅनच्या, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या, छिद्रात घातली जाते. आता पत्ते वाटणारे दोन झाले, आणि अनेकदा दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ हाच असतो. इंटरनेटच्या दारावरच दोन दावेदार उभे राहिल्यामुळे एकाच वेळी सगळ्या घराचे नेट धरसोड करू लागते. दुसऱ्या राऊटरला एकट्याने संगणकाशी जोडून त्याची डीएचसीपी सेवा बंद करावी, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करावा आणि मगच त्याला पहिल्याशी जोडावे. त्यात ‘ॲक्सेस पॉइंट’ असा पर्याय दिलेला असेल, तर तो निवडल्यावर यांतले बरेचसे काम आपोआप होते.

सहाव्या आवृत्तीच्या आयपीत पत्ता १२८ बिटांचा असल्याने योगायोगाने दोन उपकरणांचा पत्ता जुळण्याची शक्यता नगण्य आहे, तरीही पत्ता वापरण्याआधी तो दुसऱ्या कोणाकडे नाही ना, हे विचारण्याचा नियम तिथेही आहे. कारण तिथेही कोणीतरी हाताने पत्ता लिहिणारच.